साठ मुलं, तीन वर्ग: खेड्यातल्या चर्चच्या शाळेत शिकवतात कसं?

शाळेचं नाव लिहीत नाही. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या एवढ्याशा गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. चर्च ऑफ इंग्लंडची प्राथमिक शाळा, खर्च सरकारचा, फी नाही. जेमतेम साठ मुलं आणि तीन वर्ग. थोरला इथून पुढे गेला, धाकटी अजून इथेच आहे. शहरातून खेड्यात राहायला येऊ पाहणारे ओळखीचे लोक विचारतात म्हणून हे लिहिते आहे.

वाचनाला पैकीच्या पैकी. रिसेप्शनपासून, म्हणजे चार वर्षांच्या मुलांच्या वर्गापासून, फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकणं, रोज आणि न चुकता. घरी येणारं पुस्तक तेवढ्याच ध्वनींचं, जेवढे शिकवून झालेत, त्यामुळे मूल चित्र बघून ठोकून देत नाही. इयर वनच्या शेवटी जूनमध्ये सरकारी चाचणी असते. 40 शब्द, त्यातले निम्मे बनावट, शेजारी कुठल्यातरी विचित्र प्राण्याचं चित्र. पाठ केलेल्या शब्दांवर तिथे निभावत नाही. धाकटी असले शब्द स्वतःच तयार करून आजोबांना व्हिडिओ कॉलवर वाचायला लावायची, आणि ते बिचारे अर्थ शोधत बसायचे! पण चाचणीपेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच. इथे प्रत्येक मुलाचं वाचन कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसून ऐकतं. गावातले निवृत्त लोकही त्यासाठी येतात. कुठल्या अक्षरजोडीवर पोर अडखळते ते बाई गेटवर, वही न उघडता सांगतात.

आता मिश्र वर्ग. रिसेप्शन आणि इयर वन एकत्र, मग इयर टू ते फोर, मग फाइव्ह आणि सिक्स. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत शिकलेल्यांना हे नवं नाही. लहान वर्गांत फायदाच दिसला. धाकटी मोठ्यांचं ऐकून पाढे पुढचे पुढचे उचलत गेली. (इथे बारापर्यंतच लागतात. इयर फोरला त्यांची चाचणी, 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद.) इतिहास-भूगोलाचे विषय मात्र तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. मधेच दाखल झालेल्या मुलाची त्यात पंचाईत होते. थोरल्याने रोमन दोनदा केले आणि वायकिंग एकदाही नाही.

खरी तक्रार वरच्या वर्गाच्या गणिताची. इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाच्या, सॅट्स नावाच्या सरकारी चाचण्या मे महिन्यात असतात. जानेवारीपासून शिक्षिकेचं लक्ष त्या सात-आठ मुलांवर, आणि इयर फाइव्हवाले सहायक बाईंबरोबर कोपऱ्यात वर्कशीट सोडवत बसलेले. थोरला गणितात बरा, म्हणून त्याला 'तू करशील रे' म्हणून सोडून दिलं गेलं. मी शाळेशी दोनदा बोलले. दोन्ही वेळा गोड उत्तर मिळालं, फरक पडला नाही. त्याच्या तोडीचं वर्गात दुसरं कुणी नव्हतं, ही लहान शाळेची अडचण कुठल्याच शिक्षिकेला सोडवता येत नाही हे मान्य. पण वेगळी गणितं देता आली असती.

निकालाचे टक्के बघून शाळा निवडत असाल तर इथे ते सोडा. सात मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे 14 टक्के. पाच किंवा कमी मुलं असतील तर सरकार निकाल प्रसिद्धच करत नाही. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेने सप्टेंबर 2024 पासून एका शब्दातला एकूण शेरा बंद केला, तेव्हा अहवाल आता वाचावाच लागतो, आणि तो वाचण्यासारखा असतो.

चर्चचं काय, हे सगळे दबक्या आवाजात विचारतात. रोज सामूहिक प्रार्थनासभा, आठवड्यातून एकदा व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू, येतात, नाताळ आणि हार्वेस्टचा (सुगीचा) कार्यक्रम चर्चमध्ये. प्रार्थनासभेतून मुलाला वगळायचा हक्क पालकांना कायद्याने आहे. आम्ही वापरला नाही. तशी गरजही वाटली नाही. शाळा व्हॉलंटरी कंट्रोल्ड प्रकारची आहे, म्हणजे प्रवेश कौन्सिल ठरवतं आणि धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रमही स्थानिक, त्यात हिंदू धर्मही येतो. व्हॉलंटरी एडेड, म्हणजे प्रवेश स्वतः ठरवणारी शाळा असेल तर प्रवेशाचे नियम आधी वाचा, तिथे चर्चला जाणाऱ्यांना प्राधान्य असू शकतं.

खेळ बेताचे, कारण एका वयाची फुटबॉलची टीमच भरत नाही. संगीत बरं.

भेटीला गेलात तर बाग आणि कोंबड्या दाखवतील, छान आहेत. त्या बघून झाल्या की दोन गोष्टी विचारा: वरच्या वर्गाला कोण शिकवतं आणि किती वर्षं टिकलंय, आणि पुढच्या वर्षी रिसेप्शनला किती मुलं येणार आहेत. पैसे बहुतांशी मुलांच्या डोक्यामागे मिळतात. पटसंख्या घसरली की तिनाचे दोन वर्ग व्हायला वेळ लागत नाही. इथे एक शिक्षिका गेली तर शाळेचा तिसरा हिस्सा गेला.

धाकटी इयर फोरपर्यंत इथेच. वरच्या वर्गाच्या बाई येत्या उन्हाळ्यात जाताहेत, त्यांच्या जागी कोण येतं ते बघून पुढचं ठरवू.