बास्केटबॉल पाहण्यात रस वाटेल का? फुटबॉल, क्रिकेट आणि टेनिसशी तुलना

एखादा नवा खेळ नियमित पाहायला घ्यावा असे ठरवणाऱ्याला बास्केटबॉलविषयी दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. काहींच्या मते हा खेळ सर्वांत वेगवान आहे आणि म्हणून सर्वांत रंजकही आहे. इतरांचे म्हणणे असे, की येथे सतत गुण होत असल्याने कोणत्याच गुणाला किंमत उरत नाही, आणि म्हणून सामन्याची शेवटची पाच मिनिटे पाहिली तरी पुरते. दुसरे मत अधिक प्रचलित आहे, पण ते मला नजर चुकीच्या जागी ठेवल्याचा परिणाम वाटते. बास्केटबॉल आवडणे किंवा न आवडणे हे त्याच्या वेगापेक्षा, प्रेक्षकाला कोणत्या गोष्टीची वाट पाहण्यात आनंद मिळतो, यावर अधिक अवलंबून असते.

फुटबॉलपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तेथे वाट पाहणे हाच अनुभवाचा गाभा असतो. २०१०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या इनिएस्ताने ११६व्या मिनिटाला गोल केला आणि तोच त्या सामन्यातील एकमेव गोल ठरला. त्याआधीची जवळपास दोन तासांची कोंडी ज्याने सोसली असेल, त्यालाच त्या गोलाचे मोल कळले. बास्केटबॉलमध्ये अशी एकच निर्णायक घटना शोधू गेल्यास निराशा पदरी येते. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर वेळा आक्रमणाची संधी मिळते आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास संधींवर गुण होतात. त्यामुळे चेंडू रिंगमधून जाणे ही येथे घटना नव्हे. खरी घटना असते ती दोन्ही संघांच्या गुणांमधील अंतर हलण्याची. एका संघाने सलग दहा-बारा गुण घेणे, प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने टाइमआउट मागून ती लय मोडणे, राखीव खेळाडू मैदानात येताच आघाडी विरघळू लागणे, अशा चढउतारांतून सामना घडतो. गुणफलकावरील दोन आकड्यांऐवजी त्यांच्यातील फरकावर लक्ष ठेवले, की ‘नुसते गुणच गुण’ ही तक्रार बरीचशी मिटते.

या रचनेचा दुसरा परिणाम मात्र प्रत्येकाला रुचेलच असे नाही. संधी शेकड्याने मिळतात तेव्हा किंचित सरस असलेल्या संघाची ती किंचित सरशीही साचत जाते आणि शेवटी बहुधा तोच जिंकतो. फुटबॉलमध्ये एक चूक किंवा एक कॉर्नर निकाल फिरवण्यास पुरेसा असतो. २००४च्या युरो स्पर्धेत ग्रीसने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने १-० असे जिंकून विजेतेपद मिळवले. बास्केटबॉलमध्ये, आणि त्यातही सात सामन्यांच्या मालिकेत, असा चमत्कार घडणे फार अवघड आहे. बलाढ्यांना नवख्याने लोळवावे, हेच पाहण्यासाठी जो खेळाकडे वळतो, त्याने फुटबॉलच पाहावा. चांगला खेळलेला संघ हरला की ज्याला दिवसभर चुटपुट लागते, त्याला मात्र बास्केटबॉल अधिक न्याय्य वाटेल.

वेगाविषयी बोलताना एक गोष्ट सहसा विसरली जाते, ती म्हणजे हा वेग खेळात मुळापासून नव्हता आणि तो नियमाने आणावा लागला. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ तयार केला, तो हिवाळ्यात बंदिस्त जागेत विद्यार्थ्यांना खेळवण्यासाठी. त्यांच्या तेरा नियमांत आक्रमण करण्याची सक्ती कोठेही नव्हती. पुढे आघाडी मिळालेले संघ चेंडू नुसता आपापसांत फिरवत राहू लागले. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स संघाने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले, तो एनबीएच्या इतिहासातील सर्वांत कमी गुणांचा सामना आहे. असा खेळ पाहायला प्रेक्षक पैसे देणार नाहीत, हे सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बिआसोन यांनी ओळखले. त्यांचा हिशेब साधा होता. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा रिंगवर फेक करतात. म्हणून प्रत्येक फेकीला २४ सेकंद. १९५४-५५च्या हंगामापासून शॉट क्लॉकचा हा नियम लागू झाला आणि संघाची सामन्यागणिक गुणसरासरी एकाच हंगामात ७९.५ वरून ९३.१ वर गेली.

प्रेक्षकाच्या दृष्टीने या नियमाइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही. फुटबॉलमध्ये एका गोलाची आघाडी घेतलेला संघ कोपऱ्यात चेंडू दडवून वेळ काढू शकतो. बास्केटबॉलमध्ये आघाडीवर असलेल्यालाही २४ सेकंदांच्या आत धोका पत्करावाच लागतो. तीस सेकंदांच्या चढाईची सवय असलेल्या कबड्डीच्या प्रेक्षकाला हा ताल चटकन पकडता येतो, कारण दोन्हीकडे छोटासा डाव सुरू होतो, घड्याळ उलटे धावते आणि काही ना काही निकाल लागतोच. त्यामुळे मोठी पिछाडीही शेवटपर्यंत पुसता येते. ९ डिसेंबर २००४ रोजी ह्यूस्टनच्या ट्रेसी मॅकग्रेडीने सॅन अँटोनियोविरुद्ध अखेरच्या ३५ सेकंदांत एकट्याने १३ गुण घेतले आणि हातचा गेलेला सामना ८१-८० असा खेचून आणला. फुटबॉलमध्ये ८८व्या मिनिटाला तीन गोलांनी मागे असलेल्या संघाकडून कोणी इतकी अपेक्षा करणार नाही.

टेनिसशी तुलना केली की चित्र उलटे होते. १४ जुलै २०१९ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण जिंकले, नोवाक जोकोविचने २०४. तरीही चार तास ५७ मिनिटांनंतर विजेता ठरला तो जोकोविच. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा स्थितीत विजेतेपदासाठीचे दोन गुण फेडररच्या समोर होते, ते निसटले. टेनिसमध्ये सर्व गुण सारख्या वजनाचे नसतात, आणि घड्याळ नसल्यामुळे शेवटचा गुण खेळला जाईपर्यंत कोणीही पूर्ण हरलेला नसतो. बास्केटबॉलमध्ये पहिल्या मिनिटाची बास्केट आणि शेवटच्या मिनिटाची बास्केट यांची किंमत सारखीच असते. त्यामुळे चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात, अंतर पंचवीस गुणांवर गेले, की घड्याळ चालू असले तरी सामना संपलेला असतो. दोन्ही प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतात आणि उरलेला वेळ औपचारिकता म्हणून खेळला जातो. एकतर्फी बास्केटबॉल सामन्याइतके कंटाळवाणे खेळांत थोडेच असेल, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

योगायोगाने त्याच दिवशी क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना लॉर्ड्सवर झाला. मूळ सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंड चौकार-षटकारांच्या संख्येवर विजेता ठरला. क्रिकेट पाहणाऱ्याला बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक काय खटकते, तर उसंतीचा अभाव. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये बोलायला, अंदाज बांधायला, क्षेत्ररचना न्याहाळायला वेळ असतो. काही षटके चुकली तरी सामन्याचा धागा सुटत नाही. शिवाय खेळपट्टी, हवामान आणि नाणेफेक हे तेथे जणू पात्र म्हणून वावरतात. बास्केटबॉलमध्ये यांतले काहीच नाही. सभागृह बंदिस्त, फरशी सपाट आणि रिंग सर्वत्र दहा फूट उंचीवर. परिस्थितीशी झुंज पाहायला आवडणाऱ्या कसोटीच्या प्रेक्षकाला हे जग थोडे निर्जंतुक वाटेल. त्याच्या बदल्यात दोन-सव्वादोन तासांत निकाल हाती येतो आणि पावसामुळे कोणाचीही संध्याकाळ वाया जात नाही.

पडद्यावर पाहण्याचा प्रश्न असेल, तर बास्केटबॉलची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे. आंतरराष्ट्रीय मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, खेळ बहुतेक वेळ त्याच्या एका अर्ध्या भागात चालतो, आणि त्यामुळे दहाही खेळाडू एकाच चौकटीत मावतात. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब असल्याने चेंडूपासून दूर धावणारे खेळाडू कॅमेऱ्याबाहेर राहतात, आणि जाणकारांच्या मते अर्धा खेळ तेथेच असतो. आइस हॉकीतील चकती तर नवख्याला दिसतच नाही. बास्केटबॉलमध्ये चेंडू मोठा, चेहरे उघडे, अंतर कमी. खेळाडूची चिडचिड आणि थकवाही वाचता येतो. नियम मात्र पहिल्या दिवशी उलगडत नाहीत. धडक झाली तेव्हा दोष आक्रमकाचा की बचावपटूचा, यावर वर्षानुवर्षे पाहणारेही एकमत करू शकत नाहीत. त्या तुलनेत फुटबॉलमध्ये ऑफसाइड एकदा समजला की बाकीचे आपोआप कळते.

आता त्या बहुचर्चित शेवटच्या दोन मिनिटांविषयी, कारण नवा प्रेक्षक बहुधा येथेच एकतर खेळाच्या प्रेमात पडतो किंवा कायमचा दूर जातो. पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो, प्रतिस्पर्धी फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलच्या बदल्यात मिळणाऱ्या विनाअडथळा फेकीसाठी, रेषेवर उभा राहतो, मग टाइमआउट, मग पंचांची चित्रफीत-तपासणी, आणि दोन मिनिटांचा खेळ सहज पंधरा मिनिटे चालतो. वेगाची एवढी ख्याती असलेला खेळ नेमका उत्कंठेच्या टोकाला असा अडखळावा, हा त्याचा सर्वांत मोठा दोष होय. ठरावीक गुणसंख्या गाठणारा जिंकेल, घड्याळ नको, असा पर्याय एनबीएने २०२०च्या ऑल-स्टार सामन्यात वापरून पाहिला, पण नियमित सामन्यांत तो आणला नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत संघाला एकूण पाचच टाइमआउट मिळतात, एनबीएमध्ये सात. म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्याचा शेवट तुलनेने आटोपशीर असतो.

तरीही या अडखळण्यातून जे निघते ते कधीकधी इतर कोठेही मिळत नाही. पॅरिस ऑलिंपिकमधील महिलांच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने घड्याळ संपता संपता फेकलेला चेंडू रिंगमधून गेला, पण तिचे पाऊल तीन गुणांच्या रेषेवर होते; या रेषेबाहेरून केलेल्या फेकीलाच तीन गुण मिळतात. तीनऐवजी दोन गुण मिळाले, जादा वेळ हुकला आणि अमेरिका ६७-६६ अशी जिंकली. २०१६च्या एनबीए अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना साडेतीन मिनिटांहून अधिक काळ एकाही संघाला गुण मिळाला नाही. ५३ सेकंद उरले असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगने तीन गुणांची फेक साधली आणि ९३-८९ असा निकाल लागला. गोलाच्या दुर्मीळतेवर प्रेम करणाऱ्या फुटबॉलप्रेमीने तेवढी मिनिटे अवश्य पाहावीत. मात्र ती पूर्ण मालिकेच्या संदर्भात पाहिली तरच पोचतात, आणि म्हणूनच फक्त शेवट पाहण्याचा सल्ला मला पटत नाही. सामान्य सामन्यात तर माझी पसंती तिसऱ्या क्वार्टरला आहे. मध्यंतरात प्रशिक्षकांनी डावपेच बदललेले असतात, मुख्य खेळाडू मैदानात असतात आणि मुद्दाम केलेल्या फाउलांचा सुळसुळाट अजून सुरू झालेला नसतो.

अलीकडची एक तक्रार गंभीरपणे घेण्याजोगी आहे. तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये १९७९ साली आली आणि २०१५-१६च्या हंगामात स्टीफन करीने अशा ४०२ फेकी साधल्यानंतर सर्वच संघ त्या वाटेने गेले. आज तेथील दर पाच फेकींपैकी साधारण दोन या रेषेबाहेरून होतात, आणि त्यांतील बऱ्याचशा चुकतात. दोन्ही संघांचा नेम बिघडलेला असेल तर तो सामना पाहणे शिक्षाच ठरते. त्यात एनबीएच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, म्हणजे एका सामन्याचे मोल कमी, आणि थकवा टाळण्यासाठी नामवंत खेळाडूंना विश्रांतीही दिली जाते. ३८ सामन्यांच्या फुटबॉल लीगमध्ये कोणताही शनिवार इतका बिनमहत्त्वाचा नसतो.

म्हणून निवड करणाऱ्याने खेळाइतकाच स्पर्धेचाही विचार करावा. सुरुवात ऑलिंपिक किंवा विश्वचषकातील सामन्यांनी करणे उत्तम. ते ४० मिनिटांचे असतात आणि निकाल आधीच ठरलेला नसतो. २०२३चा विश्वचषक जर्मनीने जिंकला, अमेरिका चौथी आली. वेळ फारच कमी असेल तर प्रत्येकी तीन खेळाडूंचा प्रकार पाहावा. तो एकाच रिंगवर, दहा मिनिटे किंवा २१ गुणांपर्यंत चालतो आणि तेथे शॉट क्लॉक १२ सेकंदांचा असतो. क्रिकेटमधील कसोटी मालिकांची ज्याला गोडी आहे, त्याने एकेकटे सामने सोडून थेट एप्रिल ते जूनमधील एनबीएची बाद फेरी घ्यावी. एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत गाठ पडत असल्याने पहिल्या सामन्यात फसलेला डावपेच दुसऱ्यात बदलतो आणि त्यावरचे उत्तर तिसऱ्यात येते. फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळावे असे मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. दोन्ही खेळांचे मोठे सामने क्वचितच एकमेकांच्या वेळेवर येतात.