मागचे ब्रेक: जुने ड्रमच नव्याने बांधायचे की डिस्क बसवायच्या?

जुन्या गाडीचा मागचा ड्रम उघडला आणि लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचा थर) तेलाने चिंब निघाले, की पहिला विचार हाच येतो: ही कटकट एकदाची काढून टाकू आणि डिस्क बसवू. त्याआधी ते तेल बोटावर घेऊन वास घ्या. जाडसर आणि गंधकासारखं उग्र असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे एक्सलचं (मागच्या चाकांमधल्या आसाचं) तेल अडवणारं सील गेलंय. पातळ असेल आणि बॅकप्लेटचा (ड्रममागच्या पत्र्याचा) रंग सुटत असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय. सील गेलं असेल तर डिस्क बसवून काहीच सुटत नाही. आज लायनरवर आलेलं तेल उद्या डिस्कला चिमटणाऱ्या पॅडवर येईल.

म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) उघडून बेअरिंग-सील बघण्याचं काम दोन्हीकडे आहेच. खर्च आणि मेहनत तोलताना लोक इथेच फसतात: ड्रमच्या पारड्यात बेअरिंग, सील, शू सगळं टाकतात आणि डिस्कच्या पारड्यात नुसतं किट. बऱ्याच किटांचा ब्रॅकेट एक्सलच्या बाहेरच्या नळीच्या टोकाला असलेल्या फ्लँजवर (चपट्या कडीवर) बसतो, तेव्हा हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा आतला दांडा) बाहेर काढावाच लागतो.

हे काम घरी करायचं की नाही, ते हबच्या प्रकारावर ठरवा. काही गाड्यांत शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब त्या टेपरवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसतो. त्याचा नट चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून सैल करायचा, पण पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावताना पूर्ण काढायचा नाही. चार आटे अडकलेले राहू द्या. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून उडतो, आणि त्या वेळी समोर आपले गुडघे असतात. दुसऱ्या प्रकारात शाफ्ट आणि चाक बसायची फ्लँज एकसंध असतात, बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं आणि मागून कॉलर. ही कॉलर छिन्नीने फोडून काढतात आणि दर वेळी नवीच घालतात. हे बिनधास्त हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये द्या. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग लवकरच गुणगुणायला लागतं.

आता मूळ प्रश्न. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागे ताकद वाढवली तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. ड्रमला अजून एक गोष्ट फुकट मिळते: फिरता ड्रम पुढचा शू स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून कमी दाबातही पकड येते. हँडब्रेकही त्यात सरळसोट बसतो. डिस्कमध्ये त्यासाठी कॅलिपरमध्येच (पॅड दाबणाऱ्या भागात) यंत्रणा लागते किंवा डिस्कच्या पोटात छोटा ड्रम, आणि चढावर गाडी उभी करताना हा फरक जाणवतो.

ड्रमचं खरं दुखणं म्हणजे ताप. लांब उतारावर तो तापतो, फुगतो आणि पेडल खाली जातं. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते, पाण्यातून गेल्यावरही लगेच सावरते. तुमचं फिरणं घाटातलं असेल, इंजिन वाढवलेलं असेल, किंवा ड्रम त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेत आणि नवे मिळत नाहीत, तर डिस्कचा विचार रास्त आहे. पण मग मास्टर सिलिंडरही (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) तपासावा लागेल. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. वर मागचा दाब पुढच्याशी जुळवायला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही लागतो.

इतर सगळ्यांना माझं मत: ड्रमच बांधा, पण नीट. 'ड्रम ब्रेक बेकार' म्हणणाऱ्या बहुतेकांनी जाम झालेला ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा स्क्रू) आणि तेलकट लायनर असलेलेच ड्रम चालवलेले असतात. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत घालू नका, आणि शू दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवायची नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, मास्क लावून.

व्हील सिलिंडरच्या बाबतीत कंजुषी करू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि बोअरला आतून खड्डे पाडतं. असाच एक बोअर मी होनने (आतून घासायच्या दगडी हत्याराने) घासला, नव्या बकेट (रबरी वाट्या) घातल्या आणि 'चालतंय की' म्हणालो. दोन महिन्यांत टायरच्या आतल्या बाजूला ओघळ. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्या. नवा मिळतच नसेल तर स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह बसवून घ्या.

आणि एक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची नळी) उघडा. त्या बोटभर नळीत चिखल बसला की तापलेल्या एक्सलमधली हवा अडते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. कालच घातलेल्या सीलमधूनसुद्धा.