विकतचे प्रमाणपत्र की गांधर्वची परीक्षा?

सोलापुरात बाळी वेशीजवळ राहणाऱ्या, लग्नसमारंभांत आणि भजनी मंडळांत तबला वाजवणाऱ्या माझ्या भाच्याने विचारले, "मामा, ऑनलाइन ‘प्रमाणित कलावंत’ व्हायला पैसे भरू, की गांधर्वच्या परीक्षेला बसू?"

मी आधी एवढेच पाहिले की वादन ऐकते कोण. ऑनलाइन प्रमाणपत्रासाठी त्याने तीन मिनिटांची ध्वनिफीत पाठवायची होती. परीक्षकाचे नाव नव्हते, निकषही नव्हते, शुल्काचा तक्ता मात्र ठळक होता. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत अभ्यासक्रम छापील असतो, परीक्षक समोर बसतो, आणि कायदा (तबल्यावर विस्तार करत वाजवायची बोलांची रचना) हाताने ताल देत बोलून दाखवावा लागतो. तिथे बोटांची सवय पुरत नाही. पाठांतर पक्के नसेल तर पहिल्याच आवर्तनात, म्हणजे तालाच्या पहिल्याच फेरीत, उघडे पडते.

खर्चात ऑनलाइन मार्ग एकरकमी आणि झटपट आहे. गांधर्वच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेपासून ‘विशारद’ या वरच्या परीक्षेपर्यंत सात परीक्षा, म्हणजे अनेक वर्षांची गुरूची फी आणि रियाज. हे ओझे हलके नाही, पण त्यातला बहुतेक पैसा शिकण्यात जातो.

उपयोगाचे म्हणाल, तर हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमाचे आयोजक कागद नव्हे, वादन ऐकतात. शिकवण्या घ्यायच्या किंवा शाळेत अर्ज करायचा असेल, तर विशारद उपयोगी पडते. केवळ साथसंगत करायची असेल, तर दोन्ही सोडून चांगले ध्वनिमुद्रण करावे. भाच्याला शिकवण्या घ्यायच्या आहेत. त्याने परीक्षेचाच अर्ज भरावा.