पार्ट-टाइम करिअर कोचिंगचा पीजी डिप्लोमा, नोकरी सांभाळून: दुसऱ्या वर्षातला अनुभव

इंग्लंडात करिअर डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे करिअर सल्लागारांच्या संस्थेच्या, रजिस्टरवर नाव घालायचं तर किमान लेव्हल ६ (पदवीच्या पातळीची पात्रता) लागते, पीजी म्हणजे लेव्हल ७ (मास्टर्सच्या पातळीची), डिप्लोमा १२० क्रेडिटचा, एका क्रेडिटला दहा तास अभ्यास धरतात, ही माहिती इथे येणाऱ्या बहुतेकांना असेलच. ती पुन्हा उगाळत नाही. मी एका सरकारी शाळेच्या ऑफिसात काम करते. २०१४ साली गॅट्सबी फाउंडेशनचे आठ बेंचमार्क आले, म्हणजे शाळेतलं करिअर मार्गदर्शन कसं असावं याचे निकष. त्यातला आठवा म्हणतो, प्रत्येक मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत एकदा आणि अठरापर्यंत आणखी एकदा प्रशिक्षित सल्लागाराशी स्वतंत्र बोलायला मिळालं पाहिजे. आमच्याकडे असं बोलणारं माणूस नव्हतं. हेडटीचर म्हणाल्या, कोर्स कर, पद देते. फी देते असं काही म्हणाल्या नाहीत.

फी गेली माझ्याच खिशातून. सरकारी पोस्टग्रॅज्युएट कर्ज फक्त पूर्ण मास्टर्सला, म्हणजे १८० क्रेडिटला मिळतं. नुसत्या डिप्लोमाला नाही. हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर फॉर्म भरून झाल्यावर घाम फुटतो.

आता मुख्य तक्रार. आमच्या युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही, पण लायब्ररीत मुख्य पाठ्यपुस्तकाचं ई-बुक होतं एका वेळी एका वाचकापुरतं. वर्गात आम्ही वीसेक जण, सगळे नोकरीवाले, बहुतेकांना मुलं. म्हणजे सगळ्यांची अभ्यासाची वेळ एकच: रात्री नऊनंतर. नऊ वाजता पुस्तक उघडायला जावं तर 'दुसरा वाचक वापरत आहे'. वर कोणी पुस्तक नीट बंद न करता लॅपटॉप मिटून झोपला, तर सिस्टीमच्या लेखी तो वाचतच असतो. मग बाकीचे चाळीतल्या नळावर उभे राहावं तसे ताटकळतात. शेवटी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यात अभ्यासाची चर्चा शून्य. 'मी बाहेर पडले, कोण येतंय?' 'मला फक्त पाचवं प्रकरण, वीस मिनिटं द्या.' छापील प्रती होत्या, पण कॅम्पसवर. तिथवर जायचं तर ट्रेनचं तिकीटच पुस्तकाच्या किमतीएवढं. आणि एवढी फी भरल्यावर पुस्तकही आपणच विकत घ्यायचं, हे माझ्या पुणेरी रक्ताला झेपणारं नव्हतं. नवरा म्हणाला, घेऊन टाक ना एकदाचं. घेतलं नाही.

मॉड्यूलच्या मुख्य बाईंना ईमेल केली. उत्तर आलं की वेळेचं नियोजन करून वाचन लवकर सुरू करावं. आधी ऐका, लगेच सल्ला देऊ नका, हे ज्यांनी आदल्याच आठवड्यात दोन तास शिकवलं, त्यांचं हे उत्तर.

तर सिद्धांत. सुरुवात अपेक्षेप्रमाणे फ्रँक पार्सन्सपासून. बोस्टनमध्ये १९०८ साली व्होकेशन ब्यूरो काढणारा हा माणूस म्हणतो: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, दोन्हींचा मेळ घाला. मग १९५९ पासूनचे जॉन हॉलंडचे व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार, मग डोनाल्ड सुपरच्या करिअरच्या आयुष्यभराच्या अवस्था. इथवर मी जांभया देत होते. मेळ घालणं म्हणजे आपल्याकडच्या कलचाचणीसारखंच की. माझीही पुण्यात एका समुपदेशकाकडे झाली होती. अहवाल छान रंगीत होता. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि कॉमर्सचा फॉर्म आणला.

मग केन रॉबर्ट्स आला आणि मी सरसावून बसले. हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकाच्या शेवटी सरळ म्हणाला की पोरं करिअर निवडतबिवडत नाहीत. गावात कुठल्या नोकऱ्या आहेत, घर कुठल्या वर्गातलं, शाळेत काय निकाल लागला, यावर काय मिळणार ते ठरतं, आणि जे मिळतं त्याच्याशी पोरं जमवून घेतात. आमच्या गावाभोवती गोदामंच गोदामं आहेत. दर वर्षी अर्धा वर्ग 'वेअरहाउस' म्हणतो, त्याचा आणि महत्त्वाकांक्षेचा संबंध नसतो. बिल लॉने १९८१ मध्ये त्यात शेजारीपाजारी, नातेवाईक, मित्र, शिक्षक आणले. तिथे बाबा आणि कॉमर्सचा फॉर्म फिट्ट बसले. हॉडकिन्सन आणि स्पार्क्स यांचं 'होरायझन्स फॉर ॲक्शन' हेही याच वाटेवरचं: माणसाला जेवढं दिसतं, तेवढ्यातूनच तो निवडतो. निबंधात मी रॉबर्ट्स समजावायला आमच्या ई-बुकाचं उदाहरण वापरलं. आमच्यात प्रेरणेची कमतरता नव्हती, लायसन्सची होती. मार्क बरे पडले. समासात कुणीतरी नुसता एक हसरा चेहरा काढला होता.

(इथून पुढचं नवी टर्म सुरू झाल्यावर लिहितेय.)

लायब्ररीबद्दलचं मत थोडं बदलतेय. बाईंना वगळून थेट लायब्ररियनला लिहिलं. त्या गृहस्थाने चार दिवसांत तीन वाचकांचं लायसन्स घेतलं. अमर्याद वाचकांचं हवं होतं, पण प्रकाशक ते विकतच नाही म्हणे. आता रांग लागते, पण रडू येत नाही. त्या माणसाला पाच तारे. बाकीच्यांना नाहीत, कारण पार्ट-टाइम कोर्स विकायचा आणि पुस्तकं मात्र विद्यार्थी दिवसभर कॅम्पसवर पडीक असतात असं धरून घ्यायची, हे एका विद्यार्थिनीने ईमेल लिहीपर्यंत कोणाच्या लक्षात येऊ नये?

कोचिंगच्या मॉड्यूलबद्दल मला फारशी आशा नव्हती. ग्रो मॉडेल म्हणजे गोल, रिॲलिटी, ऑप्शन्स, विल: ध्येय, सध्याची स्थिती, पर्याय, पुढे काय करणार, या क्रमाने बोलायचं. ऑफिसच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर दिसणारी चार अक्षरं, त्यासाठी एवढी फी? पण इथे मुलाखती रेकॉर्ड करून, प्रत्येक शब्द उतरवून द्याव्या लागतात. पालकांची संमतीपत्रं, मुलाची संमती, सगळं आलं. उतरवून काढणं हे हमालीचं काम आहे, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

इयर इलेव्हनमधला, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा, एक मुलगा. इलेक्ट्रिशियन व्हायचंय, पण कॉलेजचा फॉर्म भरत नाही. त्याचे शिक्षक म्हणायचे, आळशी आहे. 'रिॲलिटी'वर आल्यावर मी विचारलं, सध्या काय अडतंय? तो गप्प. ट्यूटरने बजावलं होतं, म्हणून मीही गप्प. रेकॉर्डिंगमध्ये फक्त रेडिएटरची टकटक ऐकू येते. मग तो म्हणाला, पहिली बस कॉलेजला साडेनऊला पोचते आणि वर्कशॉप साडेआठला सुरू होतं. बस! पंधरा मिनिटं मी आत्मविश्वासावर बोलले असते तर बसचं टाइमटेबल बाहेर आलंच नसतं. नंतर कॉलेजला फोन केला, त्यांच्याकडे प्रवासासाठी मदतनिधी होता आणि त्याच गल्लीतून गाडीने येणारा एक सीनियरही सापडला. फॉर्म भरला गेला. ट्यूटरने उताऱ्यात त्या शांततेपुढे लिहिलं, 'इथे तुम्ही काम केलंत.' पूर्ण कोर्समधला मला आवडलेला शेरा हा एवढाच.

मानसशास्त्रज्ञ जॉन क्रुम्बोल्ट्झ आणि सहकाऱ्यांचं १९९९ चं 'प्लॅन्ड हॅपनस्टन्स', म्हणजे योगायोगाची तयारी ठेवा, हे मला अजून पटत नाही. ज्याच्या हाताशी पैसे आहेत त्याला योगायोग परवडतात. पण परीक्षेला लागतं, वाचा.

घ्यावा की नाही? शाळेत किंवा कॉलेजात आधीच नोकरी असेल तर आधी एचआरला विचारा, कारण लेव्हल ६ ची करिअर डेव्हलपमेंट प्रोफेशनल अप्रेंटिसशिपही (नोकरी करता करता शिकायची) असते आणि तिची फी तुम्हाला भरावी लागत नाही. मला हे पहिला हप्ता भरल्यावर कळलं. यावर अधिक बोलत नाही. नुसतं मंडळाच्या गणपतीत लोक 'आमच्या ईशानला जरा गाइड कर ना' म्हणतात म्हणून करणार असाल तर राहू द्या. त्या ईशानचं काय करायचं हे आई-बाबांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांना फक्त साक्षीदार हवा असतो.

आणि ओपन इव्हिनिंगला गेलात तर कॅम्पसचे फोटो बघत बसू नका. प्रत्येक मुख्य पुस्तकाचं लायसन्स किती वाचकांचं आहे ते विचारा आणि ईमेलवर लेखी घ्या. चॅरिटी शॉपमध्ये त्याच पुस्तकाची आधीची आवृत्ती मला दोन पाउंडांत मिळाली. पानांचे आकडे जुळत नाहीत, बाकी सगळं तेच. पुढच्या उन्हाळ्यात माझं काम संपेल. कोणाला हवी असेल तर देईन, पोस्टेज तुमचं.