विंडोज १० वरून ११ वर: नाशिकच्या डीटीपी दुकानातले सात महिने

रविवार कारंजाजवळ आमचं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हंगामात द्राक्षपेट्यांची लेबलं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नाव नोंदवून आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट घेता येत होते, पण आमचं मशीन चौथ्या पिढीच्या आय३ चं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून दिवाळीनंतर नवं मशीनच जोडून घेतलं.

डोळ्यांना दिसणारे बदल आठ दिवसांत अंगवळणी पडले. स्टार्टचं बटण मध्ये आलंय, सेटिंगमधून ते डावीकडे नेता येतं. राइट क्लिकचा मेनू आखूड झालाय. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना, पूर्ण मेनू येतो. एकाच खिडकीत फोल्डरचे टॅब उघडतात, हे मला मनापासून आवडलं: एका टॅबमध्ये गिऱ्हाइकाचं मॅटर, दुसऱ्यात प्रूफ. टास्कबार मात्र मी वर्षानुवर्षं डाव्या बाजूला उभा ठेवत होतो, तो आता खालीच राहतो. लांबट पत्रिका जुळवताना स्क्रीनची तेवढी कमी झालेली उंची अजून खटकते.

खरा फरक आत आहे, आणि दुकानाचं काम अडलं ते तिथेच.

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘व्हर’ टाइप केलं तर विंडोज ११ सुद्धा स्वतःचा आकडा १०.०.२६१०० असा काहीतरी सांगतं. म्हणजे आतला मुख्य आकडा अजून १०.० च आहे. तसंच व्हिस्टा आतून ६.० होतं, विंडोज ७ हे ६.१ आणि ८ हे ६.२. मी तेव्हा समजलो की पायाच तोच आहे, आपलं सगळं चालेल. तो अंदाज चुकला.

पहिला धक्का अण्णांना बसला. त्यांचा उधारीचा हिशेब डॉसमधल्या जुन्या प्रोग्रॅमवर होता. जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज १० होतं आणि त्यात डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती सोय कधीच नव्हती. ३२ बिटचे प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात, १६ बिटचे नाहीत. शेवटी डॉसबॉक्स हा जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकून अण्णांची स्क्रीन तशीच्या तशी परत आणली.

दुसरी अडचण मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या डोंगलची, म्हणजे जे मशीनला लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही त्या छोट्या उपकरणाची. जुन्या फाइली सगळ्या त्याच फॉन्टमध्ये, आणि डोंगल ओळखलंच जाईना. कारण निघालं ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षेची सोय. तपासून खात्री न झालेला कोड ती विंडोजच्या गाभ्यात चालू देत नाही. ही सोय विंडोज १० मध्येही होती, पण ११ च्या नव्या मशीनवर ती बहुधा सुरुवातीपासूनच चालू असते. डोंगलचा जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखून देणारा प्रोग्रॅम, तिथेच अडला. ती बंद करून टाका, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी ती बंद केली नाही. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर याच मशीनला लागतात. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत तीन आठवडे जुन्या मशीनचं इंटरनेट काढून त्यावर पत्रिका केल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांनी आजच तपासावी. २४एच२ पासून, म्हणजे विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, तर बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही अशी कुलूपबंद होते, होम आवृत्तीतसुद्धा. किल्ली त्या खात्यात जमा होते. आमचं मशीन जोडणाऱ्या मुलाने सेटअप स्वतःच्या मेलवर केला होता. फेब्रुवारीत बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर स्क्रीनने ४८ अंकी किल्ली मागितली, आणि त्या दिवशी लेबलांची गाडी निघायची होती. मुलगा सिडकोत राहतो, त्याने फोन उचलला म्हणून अर्ध्या तासात सुटलो. आता खातं आमचं आहे आणि किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवली आहे.

वार्षिक आवृत्त्यांचंही असंच. २४एच२ हा आतून मोठा बदल होता. २५एच२ त्याच पायावर आहे. २४एच२ ला अपडेट असलेल्या मशीनमध्ये त्याच्या फाइली आधीच येऊन पडलेल्या असतात, छोटं पॅकेज त्या फक्त चालू करतं. आमच्याकडे ते एका रीस्टार्टमध्ये झालं आणि डोंगलला काही झालं नाही. पण पुढची आवृत्ती नव्या पायावर असेल, तर ती हंगामात मी टाकणार नाही.

वेगाचं म्हणाल तर मशीन झटपट आहे, पण त्यात एसएसडी आणि १६ जीबी रॅमचा वाटा किती आणि विंडोजचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. अण्णा डॉसबॉक्समध्ये रोज संध्याकाळी उधारी टाकतात. जुनं मशीन टेबलाखाली आहे, नेटची केबल काढलेली.