विश्रामबागेतलं परदेश सल्ला केंद्र: कागदांसाठी जा, निर्णयासाठी नको

मुलगा वीस वर्षं अमेरिकेत, ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व घ्यायचं राहूनच गेलं आणि आता तिकडे चोरीची केस लागली. सांगलीतल्या अशा घरच्यांसाठी हे केंद्र कामाचं आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच.

कागद जमवण्यात ही मंडळी पक्की. आरोपपत्र, गुन्हा कबुलीचा अर्ज आणि शिक्षेचा आदेश, तिन्हींच्या तिथल्या कोर्टाच्या सहीशिक्क्याच्या नकला आधी मागवायला लावतात. ते बरोबरच आहे. पोरानं नेमकं काय केलं यापेक्षा कोणत्या कलमाखाली दोषी ठरला आणि शिक्षा किती, यावरच हद्दपारीचं बरंचसं ठरतं. १९९६ च्या कायद्यापासून चोरीला एक वर्षाची शिक्षा लागली की ती ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे हद्दपारीसाठी सगळ्यात गंभीर गटातला गुन्हा, धरतात. ३६४ दिवस असतील तर नाही. शिक्षा स्थगित असली, एक रात्रही आत काढली नसली, तरी आदेशातला आकडाच मोजतात. केंद्रातल्या बाई त्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढून हे समजावतात. आई किंवा वडील नागरिक कधी झाले हेही विचारतात, कारण मूल तेव्हा अठराच्या आत असेल, ग्रीन कार्डवर त्यांच्याजवळच राहत असेल, तर २००१ पासून ते आपोआप नागरिक ठरतं. मग हद्दपारीचा प्रश्नच मिटला.

घोळ पुढे आहे. ‘रेकॉर्ड पुसून घ्या आणि लगेच एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरा’ हा त्यांचा ठरलेला सल्ला घातक आहे. चांगल्या वागणुकीवर पुसलेली शिक्षा इमिग्रेशनवाले शिक्षाच मानतात. अर्जासोबत बोटांचे ठसे जातात, जुनी केस वर येते आणि नागरिकत्वाऐवजी हद्दपारीची नोटीस हातात पडू शकते. ‘लग्नाला येऊन जाऊ दे’ हेही नको, परतताना विमानतळावरच अडवू शकतात.

गुन्हा कबूल करण्याआधीच इमिग्रेशनचा वकील गाठावा, हे केंद्र सांगतच नाही. कबुलीनं हद्दपारी ओढवू शकते हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिया निकालानं बंधनकारक केलंय. हद्दपारीच्या कोर्टात सरकार वकील देत नाही, तेव्हा पैसा वकिलासाठी राखून ठेवा.

सरपंचाचा चारित्र्याचा दाखला आणायला लावतात, त्याचा फारसा उपयोग नाही. हद्दपारी रद्द करून घ्यायला पाच वर्षं ग्रीन कार्ड आणि सात वर्षं सलग वास्तव्य लागतं, तेही ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ नसेल तरच. बऱ्याच गुन्ह्यांत ही सात वर्षं गुन्हा घडला त्या दिवशीच थांबतात. न्यायाधीश पाहतात ते तिथलं कुटुंब, नोकरी, भरलेला कर आणि पोरगा सुधारलाय का.

भाषांतर मात्र इथेच करून घ्यावं. महापालिकेच्या जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर देताना भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्रही जोडतात. ते नसलं की कागद अडतो.