गुडमारच्या कॅप्सूल, सात महिन्यांनंतर : तिसऱ्या बाटलीत साखर गोड लागली

मधुमेहासाठी मी गुडमारच्या कॅप्सूल घेत होते, त्याची तिसरी बाटली आली. कॅप्सूल फोडून पूड जिभेवर चोळली, दोन मिनिटांनी चूळ भरली आणि साखरेचे चार दाणे तोंडात टाकले. साखर गोड लागली! तेव्हापासून डोक्यात जी तिडीक आहे ती अजून गेलेली नाही.

गुडमार म्हणजेच मधुनाशिनी, रुईच्या कुळातली वेल. तिच्या पानांतली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीव अर्धा-पाऊण तास बंद पाडतात. खारट-आंबट कळत राहतं. पहिल्या दोन बाटल्यांनी हे चोख केलं होतं. साखर वाळूसारखी लागायची. आमच्या साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे नुसता भाजका खवा, दुसरा उचलावासाच वाटायचा नाही. म्हणून बाटली बदलली की ही परीक्षा मी घेतेच. मग या बाटलीत नेमकं काय भरलं होतं?

लेबलवर ‘अर्क ५०० मि.ग्रॅ.’ एवढंच. त्यात जिम्नेमिक आम्लं किती टक्के, ते कुठेच नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘नैसर्गिक आहे मॅडम, बॅचप्रमाणे फरक पडतो.’ अहो, फरक पडतो म्हणूनच तर टक्केवारी छापायची! त्या बॅचचा तपासणी अहवाल मागितला, तर रंगीत माहितीपत्रक पाठवलं. पाच फोन आणि तीन आठवड्यांनी ४८० रुपये परत आले. कुरिअरचे ६० बुडाले ते बुडालेच.

आता साखरेचं. नोव्हेंबरात एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ७.८ होतं, फेब्रुवारीत ७.२ झालं. मी लगेच वहिनींना फोन करून गुडमारचे गोडवे गायले. ते बोलणं आज मागे घेते. त्याच तीन महिन्यांत मी चहातली साखर सोडली होती आणि रोज पाऊण तास चालत होते. तिसरी बाटली परत केल्यावर तीन महिने एकही कॅप्सूल गिळली नाही, चालणं तेवढं ठेवलं. मे महिन्यात आकडा आला ७.१. माझ्यापुरतं तरी ते श्रेय कॅप्सूलला देता येत नाही.

आणि एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारीतल्या एका रविवारी अजिंक्यतारा चढून-उतरून घरी आले, नेहमीच्या वेळेला कॅप्सूल फोडून पूड जिभेवर घेतली आणि दहा मिनिटांत दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर साखर ६४, म्हणजे फारच खाली. यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. ती प्यायले, पण चव शून्य, जणू साधं पाणी. मी घाबरून म्हणत राहिले, ‘अहो, साखर घातलीच नाही तुम्ही!’ पंधरा मिनिटांनी ९२. जिभेला कळली नाही, पण रक्ताला साखर पोचली होती.

मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही घेते आणि त्या गोळीने साखर उतरू शकते. वर गडाची चढण, वर गुडमार. यातलं कशामुळे किती, हे डॉक्टरांनाही वेगळं काढता आलं नाही. कॅप्सूल चालू असल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं, साध्या झाडपाल्याचं काय सांगायचं असं वाटलं म्हणून. त्या रागावल्या आणि ते बरोबरच होतं. मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या एका वनस्पतीत आहे, मग पाला म्हणून हलकं कसं समजायचं? त्यांनी ग्लिमेपिराइड २ वरून १ मि.ग्रॅ.वर आणली. तुम्ही अशी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच बाटली मागवा.

खर्चाचं बोलायचं तर दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे १६ रुपये. जनऔषधी केंद्रातली मेटफॉर्मिन त्याहून कितीतरी स्वस्त पडते.

तरीही गुडमार घरातून गेलेली नाही. आता डॉक्टरांना विचारून सुटा वाळका पाला आणते, घरीच कुटते आणि लग्नाकार्याला जाताना चिमूटभर चघळते. पंगतीत जिलबी फिरते तेव्हा हात पुढे जात नाही. वर्षानुवर्षं जे मनाला सांगून जमलं नव्हतं, ते या पाल्याने जमतं, आणि त्याचा मला खरंच फार आनंद आहे. कॅप्सूल मात्र टक्केवारी छापेपर्यंत घेणार नाही.